‘बघू’ या शब्दाची मतमोजणी

लोकशाहीत प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळतं. फक्त ते विचारणाऱ्यालाच मिळेल असं नाही. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, कारण ते माझ्यासारख्या माणसाला शोभण्याइतकं भित्रं नाही. पण माझ्या भाचीचं पत्र कित्येक आठवडे टेबलावर अनुत्तरित पडून आहे, तेव्हा राहू दे.

पत्र लहान आहे. ‘मामा, तुम्ही सभागृहात लघुलेखक होतात. आमचं प्रसूतिगृह बंद करायचा ठराव आला, तेव्हा भाऊंचं मत कुठे मोजलं गेलं? होय की नाही? एका शब्दात लिहा आणि खाली सही करा. मी भाऊंविरुद्ध निवडणुकीला उभी राहतेय. इथे सगळे म्हणतात, भाऊ आपल्यासाठी एकटे लढले. निवडून आले तर मी पहिल्याच बैठकीत तो ठराव फिरवायला लावीन. पडले तर निकालानंतर आमच्या दाराला कुलूप लागेल. आईचे गुडघे सोडले तर बाकी सगळं ठीक.’

माझी भाची त्या प्रसूतिगृहात परिचारिका आहे. तिथे खाटा चार, त्यातल्या एकीच्या पायाखाली वीट. भाऊ म्हणजे तिथले सन्माननीय सदस्य. ते वयाने माझ्याहून बरेच लहान, पण त्यांना भाऊ म्हणायचं नाही असं सांगण्याचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द उतरवून घेतले, त्याच्याकडे स्वतःचा एक शब्द मागणं ही मोठी मागणी आहे. म्हणून आधी भाऊंचं कार्य नीट मांडतो.

भाऊ पहिल्या निवडणुकीत सपशेल आपटले. लोकांनी विचारलं, ‘रस्ता होईल का?’ भाऊ म्हणाले, ‘नाही, पैसे नाहीत.’ (हा त्यांच्या तरुणपणाचा दोष. पुढे तो गेला.) दुसऱ्या वेळी त्यांनी सगळ्यालाच ‘होय’ म्हटलं, पण समोरचा उमेदवारही ‘होय’च म्हणत होता आणि त्याचा आवाज मोठा होता. भाऊ पुन्हा पडले. निकालाच्या संध्याकाळी ते घरात डोकं धरून बसले असताना वहिनींनी विचारलं, “अहो, स्वयंपाकघराचं छत गळतंय. दुरुस्त करायचंय की नाही?”

भाऊ म्हणाले, “बघू.”

वहिनी आत गेल्या आणि गळतीखाली पातेलं ठेवलं.

इतिहासात असे क्षण क्वचित येतात. प्रश्न संपला होता, भांडण झालं नव्हतं, खर्च आला नव्हता, आणि शब्द देऊनही दिलेला नव्हता. पुढच्या निवडणुकीत भाऊ दारोदार एवढा एकच शब्द घेऊन फिरले. रस्ता? बघू. नळ? बघू. जावयाची नोकरी? बघू, बघू. (दोनदा म्हटलं की ते जिव्हाळ्याचं समजतात.) भाऊ प्रचंड मतांनी निवडून आले. तेव्हापासून ते पडलेले नाहीत. पक्ष सोडणार का, असं विचारल्यावरही ते ‘बघू’च म्हणत, त्यामुळे दोन्ही पक्षांच्या कार्यालयांत त्यांची खुर्ची पुसून ठेवलेली असे. पातेलं अजून तिथेच आहे असं ऐकतो.

अडचण आली ती सभागृहात. तिथे नाव पुकारून मतदान होतं आणि सदस्याने उभं राहून ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायचं असतं. भाऊंचं नाव पहिल्यांदा पुकारलं गेलं तेव्हा मी खालच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलो होतो. भाऊ उठले, कोट नीट केला आणि म्हणाले, “बघू.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “सन्माननीय सदस्यांनी होय किंवा नाही म्हणावं.”

“तेच म्हणालो, अध्यक्षमहाराज.”

“तेच म्हणजे कोणतं?”

“ते बघू.”

मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, “अध्यक्षमहाराज, माझी बायको याचा अर्थ सांगेल, तिला बोलवा!” सभागृह हसलं, आणि सभागृह हसलं की समिती नेमतात.

समितीने माझ्याकडून भाषाविषयक टिपण मागवलं. मी घरातले सगळे कोश काढले, आठवडाभर झोप उडवली आणि शेवटी लिहिलं की, घराघरांत ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ असा अर्थ रूढ असल्याचं आढळतं. माझी चूक होत असल्यास क्षमस्व. समितीने टिपणाबद्दल आभार मानले आणि ते ‘घरगुती’ म्हणून बाजूला ठेवलं. निर्णय व्याकरणावर झाला. ‘बघू’ हे अनेकवचन आहे. सदस्य एकटे असते तर ‘बघेन’ म्हणाले असते. ज्याअर्थी ते ‘बघू’ म्हणाले, त्याअर्थी त्यांनी सर्वांना सोबत घेतलं. ज्याअर्थी सर्वांना सोबत घेतलं, त्याअर्थी त्यांचा विरोध नाही. आणि ज्याला विरोध नाही, ते ‘होय’. सबब भाऊंचा ‘बघू’ मोजताना ‘होय’ धरावा, मात्र छापील कामकाजात, अचूकतेला बाध येऊ नये म्हणून, ‘बघू’ असंच छापावं.

एवढी सुंदर व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही. सरकारला मत मिळे आणि मतदारांना शब्द मिळे. पाणीपट्टी वाढली, भाऊ ‘बघू’ म्हणाले होते. शाळेचं मैदान विकलं गेलं, भाऊ ‘बघू’ म्हणाले होते. लोक छापील पान वाचत आणि हळहळत, बिचाऱ्याने सरळ नाही म्हटलं होतं, पण ऐकतो कोण!

मग प्रसूतिगृहाचा ठराव आला. (ठरावात ‘बंद’ हा शब्द नव्हता, ‘दूरच्या मोठ्या रुग्णालयात एकत्रीकरण’ असा होता.) दोन्ही बाजूंची मतं अगदी समसमान पडली आणि भाऊंचं नाव शेवटी राहिलं. सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं. मला वाटलं, आज तरी. पेन्सिलीला टोक करून ठेवलं.

भाऊ म्हणाले, “बघू.” ठराव एका मताने मंजूर झाला.

गावातल्या बायका जाब विचारायला गेल्या. भाऊंनी छापील पान पुढे केलं. “वाचा ना, मी काय म्हणालो ते? आणि तुमच्या घरी ‘बघू’ म्हणजे काय असतं हो?” आयुष्यभर घरात हा शब्द ऐकलेल्या त्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या. म्हणाल्या, “नाहीच की!” जाताना भाऊंना तब्येतीला जपायला सांगून गेल्या.

नंतर एकत्रीकरणाची चाचणी म्हणून प्रसूतिगृह आठवडाभर बंद ठेवण्यात आलं. त्या आठवड्यात शिंप्याची सून मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर, टेम्पोत, सिमेंटच्या पोत्यांवर बाळंत झाली. माझी भाची सोबत होती म्हणून दोघं वाचली. दोघं वाचल्यामुळे चाचणी यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. त्याच रात्री भाचीने मला पत्र लिहिलं.

परवा तिचा फोन आला. “मामा, पत्र मिळालं का?”

“मिळालं.”

“मग लिहिताय ना?”

माझ्यासमोर भाऊंचा कोट दिसू लागला, प्रचारसभेत वाचलं जाणारं माझं नाव दिसू लागलं, माझ्या दाराशी उभी माणसं दिसू लागली. मी म्हणालो, “बघू.”

 मग ती म्हणाली, “मी दुसरीत होते ना मामा, तेव्हा तुम्ही मला चित्रांचं पुस्तक आणणार होतात. तेव्हाही असंच म्हणालात. मी महिनाभर खिडकीत बसायची. तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता एवढंच. ठेवते.”

घरात माझी चार कपाटं पुस्तकं आहेत. त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. मग कार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘होय’. कोश बघायची गरज नव्हती, तरी बघितला. खाली सही केली, कंसात ‘निवृत्त लघुलेखक’ लिहिलं आणि चपला घातल्या.

आता तुम्ही. एवढा वेळ भाऊंना हसलात, मलाही हसलात, ते योग्यच केलंत. लवकरच एक बाई तुमच्याही दारात येईल, तिच्या हातात असंच एखादं सहीचं कार्ड असेल. तुम्ही माणूस म्हणून वाईट नाही. तिला पाणी द्याल, बसायला सांगाल, शिंप्याच्या सुनेचं ऐकून चुकचुकाल. मग ती उठताना विचारेल, “मत देणार ना?” तुम्ही काय म्हणाल ते मी लिहीत नाही, ते तुमच्या ओठांवर आलेलंच आहे. फक्त ते अनेकवचन आहे, आणि ते कुठे मोजतात हे आता तुम्हाला माहीत आहे.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीचं झाकण जाम होतं. दोन्ही हातांनी उचललं आणि कार्ड आत टाकलं.