शिवव्वामावशींचा तांब्या

आमच्या गल्लीत कुणी शेगडी पेटवली की शिवव्वामावशी पाण्याचा तांब्या घेऊन धावत येत. आग कुठेच लागलेली नसे. साधे निखारे फुललेले असत. मावशी "धूर ब्याड!" म्हणून ओरडत, तांब्या त्यांवर पालथा करत आणि आल्या तशा निघून जात. ब्याड म्हणजे कानडीत नको. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ज्यांना कानडीचा गंध नव्हता, त्यांनाही हा एक शब्द पाठ होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर वर्षभराने मी लग्न होऊन जेऊरहून इथे आले. नळाला पाणी एक दिवसाआड, आणि या बाई ते विस्तवावर ओतणार! अंगणातला बंब त्यांनी इतक्यांदा विझवला की माझ्या नवऱ्याने निम्मा हिवाळा थंड पाण्याने काढला. कोपऱ्यावरच्या भडभुंज्याशी तर त्यांचं रोजचं भांडण. एकदा त्याची भट्टीच विझवली, तेव्हा त्याने रागारागाने अर्धेकच्चे फुटाणे गल्लीत वाटून टाकले. दोन दिवस सगळी गल्ली पोट धरून बसली होती.

"डोकं ठिकाणावर नाही बाईचं," सासूबाई म्हणायच्या आणि मीही हसायचे. मला लहानपणापासून दमा. धूर विझल्याचा सगळ्यात जास्त फायदा मलाच. पण नव्या सुनेने सासूच्या बाजूने हसायचं असतं.

मला दिवस गेले आणि मी गुपचूप दम्याच्या गोळ्या बंद केल्या. बाळाला गोळ्यांची उष्णता बाधते, असं कुणीतरी सांगितलं होतं. चौथ्या महिन्यात एका सकाळी मी धापा टाकत ओट्यावर बसले होते. मावशी समोरच्या घरातून आल्या आणि त्यांनी सरळ माझ्या पाठीला कान लावला.

"सुमन, आत शिट्टी वाजायली की गं. गोळी घेतलीस?"

"नाही... बाळाला बाधेल म्हणून..."

"ऊट."

टांग्यात घालून त्यांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. "गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. तुम्हालाच श्वास पुरला नाही तर बाळाला कुठून पुरणार? आणि धुरापासून लांब राहा." हे शेवटचं ऐकून मावशींनी माझ्याकडे अशा थाटात पाहिलं, की डॉक्टरीणबाईंना जणू त्यांनीच शिकवलं होतं.

त्या दिवसापासून रोज न्याहारीच्या वेळी समोरच्या खिडकीतून हाक यायची, "सुमन, गोळी घेतलीस का गं?" नुसतं "घेतली" म्हणून भागत नसे. "आ कर!" मग मी खिडकीत उभी राहून भर गल्लीत तोंड उघडून दाखवायचे. येणारेजाणारे थांबून बघायचे. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण धाप कमी झाली हे खरं.

सातव्या महिन्यात सासूबाईंनी हौसेने डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, बायकांची गाणी. एवढ्या जणींची नजर लागली असणार म्हणून शेवटी त्यांनी माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या. मुठीतल्या मिरच्या त्या शेगडीत टाकणार, तोच मावशी आत घुसल्या आणि फस्सकन तांब्या ओतला. राख उडून माझ्या साडीवर आणि ताटातल्या लाडवांवर बसली.

"माझ्या नातवंडाच्या मुळावर उठलीस का?" सासूबाई कडाडल्या. "चालती हो!"

मावशी गेल्या नाहीत. रिकामा तांब्या मांडीत घेऊन त्या तिथेच खाली बसल्या.

"माज्या लेकीला, गौरव्वाला, हिच्यावानीच दमा हुता," त्या म्हणाल्या. "सातव्या म्हयन्यात म्हायेरी आणली. लई ग्वाड दिसायली हुती. मीच तिची दृष्ट काडली. मिरच्या शेगडीत टाकल्या आन धूर भाईर जाऊ नये म्हनून दार लावून घेतलं. ती खोकाया लागली. मिरच्यांचा ठसका लागला म्हंजे दृष्ट न्हाय लागली, असं म्हनत्यात की. म्हनून मला आनंद झाला, यव्वा. मी हसायली हुते. ती म्हनली, अव्वा, दार उगड. मी म्हनलं, थांब की जरा."

मावशी पदराने तांब्या पुसू लागल्या.

"दोगं बी गेली. ती आन पोटातलं."

माझं रडू मला आवरेना. इतके दिवस आपण कशाला हसत होतो, ते तेव्हा कळलं आणि स्वतःची शरम वाटली. सासूबाईंनी मूठ उघडून मिरच्या खाली ठेवल्या आणि विझलेली शेगडी स्वतः उचलून परसात नेली.

मला मुलगी झाली. बाळंतिणीची खोली बंद ठेवून शेक-धुरी द्यायची आमच्याकडे रीत. सासूबाईंनी धुरी दिली नाही आणि दारही सताड उघडं ठेवलं. बाराव्या दिवशी त्यांनीच मावशींना बोलावलं. "शिवव्वाबाई, दोघींची दृष्ट तुमच्या हातून काढा."

आम्हा दोघींवरून मावशींनी मीठमिरच्या ओवाळल्या आणि मग मूठ मिटून नुसत्याच उभ्या राहिल्या. सासूबाईंनी पाण्याने भरलेला तांब्या पुढे केला. मावशींनी मूठ त्यात सोडली. मीठ तळाला गेलं, मिरच्या वर तरंगत राहिल्या. धूर नाही, ठसका नाही. बाळ झोपेतच होतं.

मावशींनी तांब्यात वाकून पाहिलं. मग अगदी हळू, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाल्या,

"गौरव्वा, दार उगडं हाय गं."