मोठे मालक सोमवारी येतील

ईमेल या विषयात हैदराबादच्या नारायणगुडा ते आबिड्स या टापूत माझा हात धरणारा कोणी नव्हता. ही बढाई नाही. त्या टापूत ईमेल जाणणारे मुळात आम्ही तिघंच होतो आणि उरलेले दोघे अडलं की माझ्याकडेच यायचे!

साल दोन हजार एक. माझ्या सासुरवाडीचा पंपसेटचा धंदा होता, 'विठ्ठलराव पंप्स'. विठ्ठलराव म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि धंदा त्यांचे धाकटे भाऊ नामदेवकाका ओढत होते. बाजार खुला झाला, बाहेरचे स्वस्त पंप आले आणि आमचे पंप गोदामात पडून राहिले. अशात एक परदेशी कंपनी भागीदारीला तयार झाली. अटी दोन. ऑफिसात ईमेल हवी, आणि पाटीवर विठ्ठलरावांच्या जागी कंपनीचं नाव हवं. या दुसऱ्या अटीला सासूबाईंची, म्हणजे भामाबाईंची सही लागत होती. सही झाली नाही तर वर्षभरात शटर ओढावं लागेल, हे काकांनी घरात स्पष्ट सांगितलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "नांदेडचं लग्न होऊ द्या, मग सांगते."

ईमेलचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. एका सर्व्हरमध्ये सहज भागलं असतं, पण मी किरकोळ कामं करत नाही. मी दोन लावले, फ्रंट-एंड आणि बॅक-एंड.

"जावईबापू, माणसं मूठभर आणि मशिनी दोन?" काकांनी भीत भीत विचारलं.

"पुढची मशीन दारातली. आल्यागेल्याशी तीच बोलते, पण तिच्याजवळ काही नसतं. सगळं टपाल मागच्या मशिनीत. पुढची आत विचारते आणि बाहेर सांगते."

काकांनी मान डोलावली. जावयाला याहून जास्त कोणी विचारत नाही.

पुढची मशीन मुनीम लक्ष्मणरावांच्या टेबलाशेजारी बसली. मागचीला थंडावा हवा होता आणि एसी असलेली खोली एकच होती, सासऱ्यांची केबिन. ते गेल्यापासून तिला कुलूप होतं. मी ते उघडलं, मशीन त्यांच्या टेबलावर ठेवली, एसी लावला आणि पुन्हा कुलूप घातलं. त्या दिवसापासून बंद केबिनमधून संथ घरघर ऐकू येऊ लागली. दाराखालून हिरवट उजेड दिसायचा आणि जवळून जाताना पायांना गार झुळूक लागायची.

"साहेब, आत कोण तर भी बसून आहे," लक्ष्मणराव म्हणाले आणि हिशेबाच्या वह्या घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

आमच्याकडे सकाळचा पहिला चहा अजून सासऱ्यांच्या फोटोपुढे जात असे. तेव्हा पहिली टपालपेटीही त्यांच्याच नावाने उघडावी, असं काकांनी सांगितलं. मी उघडली. तिचा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. सगळ्या चाचण्या त्याच पेटीवर उरकून मी गुरुवारी बायकोला, रजनीला, आणि सासूबाईंना घेऊन नांदेडची गाडी पकडली. लग्न सासूबाईंच्या भाचीचं होतं.

शुक्रवारी हळदीच्या गडबडीत मला फोनवर बोलावलं. पलीकडे लक्ष्मणराव होते.

"साहेब, मोठ्या मालकांचा जवाब आला."

"कोणाचा?"

"मोठ्या मालकांचा. छोट्या मालकांनी त्यांच्या पेटीला लिहिलं होतं. दिल हलकं करायला, बस. दादा, पाटीवरून तुमचं नाव काढू का म्हणून. बटण दाबलं, लगेच जवाब हाजिर."

माझ्या हातातली हळद फोनला लागली. "काय लिहिलंय?"

"पत्नीच्या नात्यात लग्न आहे, नांदेडला आलोय. सोमवारी परत येईन. तोपर्यंत थांबावे. अंग्रेजीत आहे, त्यांच्यासारखं कडक."

"पुन्हा लिहून बघा."

"लिहिलं की. दुसऱ्यांदा काहीच नाही. मग मी माझ्या पेटीतून लिहिलं, तर मला तोच जवाब आला, आणि मग मला भी बंद. एकाला एकदाच. मालकांची आदतच तशी होती, बात दोनदा बोलायचे नाहीत." मग आवाज उतरला. "साहेब, ते तिकडेच आलेत ना? दिसले का?"

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. मांडवात रिकाम्या खुर्च्यांची एक रांग होती आणि त्यातली एक थोडी पुढे ओढलेली होती. ती वाक्यं कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती, आणि त्यामुळे तर माझे पाय आणखीच गार पडले. पासवर्ड माझ्याजवळ. केबिनची किल्ली माझ्या खिशात. मग आत बसून लिहिलं कोणी?

रजनी शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि मी अडवायच्या आत आईला जाऊन सांगितलं.

सासूबाई हळदीच्या ओव्या म्हणायला बसल्या होत्या. त्या घाबरल्या नाहीत. उलट गालातल्या गालात हसल्या. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी बायकोच्या माहेरचं एकही कार्य पाहिलं नव्हतं. मुंजी झाल्या, बारशी झाली, सख्ख्या मेहुण्याचं लग्न झालं. प्रत्येक वेळी सासूबाई एकट्या यायच्या आणि विचारणाऱ्यांना कारणं सांगत बसायच्या.

दुसऱ्या दिवशी पंगतीत त्यांनी आपल्या शेजारी एक पान मांडायला लावलं. वाढपी दोनदा विचारून गेला, "इथे कोण?"

"येतील," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडे मी बसलो होतो. त्या पानावर वरण-भात वाढला गेला, भाजी, जिलब्या. कोणी त्या बाजूला हात नेला नाही. आम्ही सगळे त्या पानाकडे चोरून बघत जेवलो. उठताना मी पाहिलं, एक जिलबी कमी होती. देवाशपथ, मी खाल्ली नव्हती.

"नाव उतरवायचं नाही," त्या संध्याकाळी सासूबाईंनी सांगून टाकलं. "ते अजून येतात, जातात. घरच्या माणसाची पाटी कशी काढायची?"

म्हणजे धंदा बुडाला. पण त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की समजावायला कोणाची जीभ रेटेना.

सोमवारी सकाळी काचीगुडा स्टेशनला उतरून आम्ही थेट ऑफिस गाठलं. दारात रांगोळी होती. सगळी माणसं उभी होती आणि काकांनी इस्त्रीची शेरवानी घातली होती. मी दार ढकललं तशी सगळ्यांची नजर माझ्यावरून घसरून माझ्या मागे गेली. लक्ष्मणरावांनी तर एक खुर्ची पुढे केली, ती मला नव्हती.

सासूबाई केबिनमध्ये टेबलासमोर बसल्या. मी मशिनीचा पडदा सुरू केला. सासऱ्यांची पेटी उघडली आणि पाहतो तर तिच्यात रजेचा निरोप लावलेला! लिहिणाऱ्या प्रत्येकाला मशिनीने आपोआप, एकदाच पाठवायचा. वाक्यं माझीच होती. गुरुवारी गाडीच्या घाईत मी माझ्या रजेचा निरोप लावला, तेव्हा पडद्यावर माझी नव्हे, त्यांची पेटी उघडी होती.

मी मागे पाहिलं. सासूबाई टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होत्या. गप्प बसलो असतो तर त्यांचा आनंद टिकला असता. दाराशी उभ्या असलेल्या माणसांच्या नोकऱ्या मात्र गेल्या असत्या. मी सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं.

सासूबाईंचा हात टेबलाच्या कडेवर थांबला.

"म्हणजे ते लग्नाला आले नव्हते."

"नाही, आई."

"तुम्ही आला होता, तेच लिहिलं होतं."

"हो."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग नीट सारखा केला. "भावजी, तो कागद आणा," त्या काकांना म्हणाल्या.

त्यांनी न वाचता, सावकाश, पूर्ण नावाने सही केली आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"दुकान सोडून कसा येऊ म्हणायचात ना जन्मभर? घ्या. सुटलं दुकान."

रजनी आईला धरून बाहेर घेऊन गेली. काका कागद छातीशी धरून रडत होते. धंदा वाचला होता, आणि आनंद झाल्यासारखं तोंड कसं करावं, ते मात्र मला काही केल्या जमेना.