स्वतःच्याच घरात प्रवेश नाही

घड्याळजींची बायको वारली, तरी संस्थेच्या सर्व्हरवर तिचं खातं चालू होतं. अंध वाचकांसाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि घरूनच फायली पाठवायची. शेवटच्या पुस्तकाचा शेवटचा भाग पाठवून तिने घरच्या संगणकावरून तो पुसून टाकला होता. तिला पसारा खपत नसे. घड्याळजींना तो आवाज एकदा ऐकायचा होता. सर्व्हर म्हणत होता, लॉगिन चुकीचं.

ते संस्थेत गेले. सर्व्हरवाल्याने विचारलं, "काका, पासवर्ड?"

"घोरू नका."

"अहो, जागा आहे मी!"

"तोच पासवर्ड आहे. माझ्यावरून ठेवला होता तिने."

पासवर्ड बरोबर निघाला. सर्व्हरच्या आतल्या नोंदी वाचून सर्व्हरवाल्याचा चेहरा खुलला. "सापडलं! सुरक्षेचा नवा नियम आलाय. प्रत्येकाला आपापल्या घरात कोंडायचं. घर म्हणजे त्याचं फोल्डर. पण घराची मालकी कोंडलेल्याकडेच असेल, तर तो आतून भिंत फोडेल या भीतीने सर्व्हर दारच उघडत नाही. हे घर काकूंच्या मालकीचं, म्हणून काकूंना प्रवेश नाही."

"मग लॉगिन चुकीचं का म्हणतो?"

"खरं कारण चोराला कळू नये म्हणून."

"आणि घर दुसऱ्याच्या नावावर असतं तर?"

"तर खुशाल या."

"मग कर की बाबा दुसऱ्याच्या नावावर!"

"त्याला संस्थेच्या मुख्य मॅडमची मंजुरी लागते."

मॅडमनी चष्मा लावला. "खातेदार हयात आहेत?"

"नाही."

"अरेरे. मग खातं बंद. बंद झालं की घर आपोआप पुसलं जातं."

घड्याळजींनी जन्मभर मागे पडलेले काटे पुढे केले होते. आज पहिल्यांदा त्यांनी ते मागे घेतले. "हयात आहे," ते म्हणाले.

"मग त्यांना समोर आणा."

"येत नाही. रुसलीय."

"कुणावर?"

"माझ्यावरच असणार. एक शब्द बोलत नाही."

मॅडमनी सर्व्हरवाल्याकडे पाहिलं. "रुसवा नियमात बसतो?"

"बसवू," तो संगणकाकडे बघत म्हणाला.

शेरा पडला: खातेदार हयात, अनुपस्थित, कारण कौटुंबिक. मंजूर. घर सर्व्हरच्या नावावर झालं आणि दार उघडलं.

घड्याळजींनी हेडफोन लावला. तिने शेवटचं पान वाचलं, तेही शांतपणे, घाई न करता. वाक्यांच्या मधल्या जागेत मागे कुणीतरी करवत चालवत होतं. मग तिचा आवाज एकदम जवळ आला. "अहो, घोरू नका! पुस्तक संपतंय इथे!" करवत थांबली नाही. ती हसली आणि फाइल संपली.

घड्याळजींनी ती पुन्हा लावली. ऐकता ऐकता डोळे पुसले आणि पडद्यावर आलेली सूचना वाचली: खातेदार हयात असल्याने पासवर्ड बदलावा.

त्यांनी "घोरत नाही" असा टाकला. सर्व्हर म्हणाला, जुन्यासारखाच वाटतो.

सर्व्हरवाला फिसकन हसला. मॅडमही हसल्या. तुम्हीही हसला असाल. मग आज एक करा. घरी गेल्यावर आपला पासवर्ड घरच्या माणसाला मोठ्याने सांगा. सांगण्यासारखा नसेल, तर वाटेतच बदलून घ्या.