सिद्राम अण्णांचा रिकामा रकाना

साप निघाला तर सिद्राम अण्णा शांतपणे काठी शोधतील. पण कॉम्प्युटरवर तारखेचा रकाना रिकामा दिसला की त्यांना दरदरून घाम फुटायचा. "ह्ये रिकामं कामून सोडलंय?" असं म्हणत ते थेट माझ्या टेबलाशी यायचे.

गुलबर्ग्यात आमचं डाळमिलची यंत्रं दुरुस्त करायचं ऑफिस होतं. अण्णा तिथले जुने हेडक्लार्क आणि मी कॉम्प्युटरवाला. आमच्या कामांची यादी रोज सकाळी पुण्याच्या ऑफिसातल्या प्रोग्रामशी जुळवायची, ही माझी ड्यूटी. आता त्या प्रोग्रामची खोड बघा. कामाला मुदत नसली की तो शहाणा आजचीच तारीख लावायचा आणि दुसऱ्या दिवशी 'मुदत संपली' म्हणून ते काम यादीतून काढून टाकायचा. अशी तीन कामं गेली आणि साहेबांनी अण्णांना फोनवर चांगलंच झापलं. तेव्हापासून अण्णा प्रत्येक रिकाम्या रकान्यात येळवसची तारीख टाकायला लागले.

येळवस म्हणजे आमच्याकडं अख्खा गाव शेतात जेवायला जातो तो दिवस. चाळणी बदलायची, येळवस. पट्टा बसवायचा, येळवस. "येळवस काय चुकत न्हाई," म्हणायचे. झालं, पन्नासेक कामांची मुदत एकाच दिवशी आली आणि ऑफिसला कुलूप! शेतात भज्जी-आंबील पुढ्यात असून, उद्या सगळी कामं यादीतून उडणार या भीतीनं अण्णांना घास उतरला नाही.

मी वैतागून प्रोग्रामवाल्यांच्या मागं लागलो. दुरुस्ती झाली, आता रिकामं ते रिकामंच राहणार होतं. रोज जुळवणीआधी अण्णा मला चहाला पिटाळायचे, त्या दिवशी मी गेलोच नाही. यादीच्या तळाशी एक ओळ दिसली, 'रेणुका घरी येणार'. तारीख नव्हती.

रेणुका त्यांची लेक. मर्जीनं लग्न करून हैदराबादला गेली, तेव्हा अण्णा तिला नको ते बोलले होते. चार वर्षं तिचा फोन नव्हता. आता उलगडलं, मी चहाला गेलो की प्रोग्रामनं तारीख लावू नये म्हणून अण्णा ती ओळ पुसायचे आणि जुळवणी झाली की पुन्हा लिहायचे.

"हिलाबी येळवस टाकू का, अण्णा?" मी विचारलं.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"नगं. तारीख टाकली अन् त्या दिशी ती आली न्हाई, तर म्या काय करू? रिकामं हाय तवर ती कवाबी येती."

त्यांना कसंबसं समजावून मी जुळवणीचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याआधी ऑफिसात हजर, पण कॉम्प्युटर लावायची हिंमत नव्हती. मीच लावला. ओळ जागेवर होती, रकाना रिकामा होता.

"ऱ्हायली बघा," एवढंच बोलून त्यांनी डोळे पुसले. त्यानंतर त्यांनी मला कधी चहाला पिटाळलं नाही.