युरियाची आनंदवार्ता

कर लागल्याचं माणसाला आपोआप कळतं. माफ झाल्याचं मात्र येऊन सांगावं लागतं. आणि तलासच्या खोऱ्यात चांगली बातमी फुकट सांगितली जात नाही. आणणारा दारातूनच 'सुयुन्चू!' असं ओरडतो, घरच्यांनी आधी भेट कबूल करायची आणि मगच बातमी ऐकायची. (बातमी ऐकून मग भेट ठरवणारे लोकही असतात म्हणे. ते शेजारच्या खोऱ्यात राहतात.)

त्या वसंतात सरकारने खतासाठी लागणाऱ्या कच्च्या मालावरचं आयातशुल्क सहा महिन्यांसाठी स्थगित केलं. हेतू उदात्त होता: शेतीचा खर्च कमी व्हावा. सरकारचे हेतू नेहमी उदात्तच असतात; हेतूंवर शुल्क नसल्यामुळे ते मुबलक ठेवता येतात.

सायराकानला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती बांधावर उभी राहून आपल्या राजम्याची पानं बघत होती. पानं कडेने पिवळी पडायला लागली होती, आणि त्या राजम्यावरच घरातलं वर्षाचं पीठ आणि हिवाळ्याचा कोळसा अवलंबून होता. तेवढ्यात करड्या घोड्यावरून गावकचेरीचा शिपाई ओमुरझाक आला.

"सुयुन्चू, एजे!" तिकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आणि काही उकळायचं असलं की सगळ्याच बायका थोरल्या बहिणी होतात.

"काय रे, कोणाला मूल झालं?"

"आधी कबूल करा."

कबूल करण्यात सायराकानच्या नवऱ्याचा, दोरोनचा, हात धरणारं खोऱ्यात कोणी नव्हतं. तो चहाचा वाडगा घेऊनच बाहेर आला. "दिली. खुराड्यातली हवी ती कोंबडी घे."

"शुल्क उठलं," ओमुरझाक म्हणाला. "खतावरचं. म्हणजे खतावरचं नाही. खतात जे असतं, त्यावरचं."

"खतात खत असतं," सायराकान म्हणाली.

"ते राजधानीत ठरवतील, एजे. कोंबडी जरा जाडसर बघा."

आता जनतेला एवढा आनंद एकदम झेपायचा नाही, हे ओळखून शासनाने निर्णयाचे टप्पे पाडले होते. हा टप्पा तत्त्वतः मंजुरीचा. पुढच्या आठवड्यात सही झाली. त्या बातमीला सायराकानचा दोन हिवाळे शिवलेला लोकरीच्या नमद्याचा गालिचा गेला. मग शिक्का बसला (शिक्क्यावाचून सही म्हणजे नुसतं हस्ताक्षर), त्याला लोण्याची बरणी गेली. मग सीमेपलीकडून युरियाचा ट्रक निघाला. मग ट्रक सीमेवर अडला.

"ही कुठली रे चांगली बातमी?" सायराकानने विचारलं.

"अडला म्हणजे सीमेपर्यंत पोचला, एजे. न पोचलेला ट्रक अडेल कसा?"

यावर दोरोनने मान डोलावली आणि आणखी एक कोंबडी गेली.

अडण्याचं कारण शास्त्रीय होतं. युरिया तसाच शेतात टाकला तर ते खत, म्हणून शुल्कपात्र. दुसऱ्या कशात मिसळला तर तो कच्चा माल, म्हणून शुल्कमुक्त. नाक्यावरच्या अधिकाऱ्याने ट्रक-ड्रायव्हरला विचारलं, "या मालाचा पुढे काय व्हायचा विचार आहे?" ड्रायव्हर प्रामाणिक होता. मी मालाशी कधी बोललो नाही, म्हणाला. शेवटी दर पाच पोत्यांमागे मूठभर राख मिसळून प्रश्न सुटला, आणि सुटल्याची बातमी अर्थातच ओमुरझाकने आणली.

तालुका कचेरीच्या पाहणीनुसार या काळात गावातला आनंद चौपट झाला आणि कोंबड्या एक तृतीयांशावर आल्या. या दोन आकड्यांचा परस्परांशी काही संबंध आहे का, हे तपासायला समिती नेमली गेली. (तिच्या नेमणुकीची बातमी एका मेंढीला पडली.) शुल्क उठल्यामुळे पोत्यामागे वाचणारी रक्कम साधारण कोंबडीच्या एका तंगडीएवढी होती, तीही रस्सा सोडून.

"अहो, यापेक्षा शुल्क परवडलं असतं," सायराकान नवऱ्याला म्हणाली.

"माफी ती माफी. सरकारने आनंदाने दिलीय, आणि आपण दारातला माणूस रिकामा पाठवायचा? लोक काय म्हणतील?"

"लोकांचीही खुराडी रिकामी झालीत. ते आता काही म्हणत नाहीत."

राजम्याला कळ्या धरायला लागल्या, तेव्हा ओमुरझाक पुन्हा आला. पोती तालुका कचेरीच्या अंगणात उतरली होती. वाटप मात्र समारंभाने होणार होतं, समारंभ मंत्री आल्यावर होणार होता, आणि मंत्री दुसऱ्या एका तात्पुरत्या गोष्टीत गुंतले होते. दोरोनने अंगणभर नजर फिरवली. देण्यासारखं काही दिसेना. मग त्याची नजर गाईवर गेली.

"गाईकडे बघायचं नाही," सायराकान म्हणाली. "ओमुरझाक, या बातमीचं तुला उद्या मिळेल."

सकाळी डोक्याला रुमाल बांधून ती तालुक्याला गेली. वाटपाचे प्रमुख तोलोमुश साहेब उंच पांढरी टोपी घालून खुर्चीत बसले होते, भोवती सहा कारकून होते. सायराकान दारातूनच ओरडली, "सुयुन्चू, बाइके!"

थोरला भाऊ म्हणून कोणी अशी हाक मारल्यावर, तीही सहा कारकुनांदेखत, नाही म्हणणारा माणूस तलासमध्ये अजून अधिकारी झालेला नाही.

"कबूल, कबूल. काय हवं?"

"अंगणातली पोती. आमच्या गावाला पुरतील एवढी."

"एजे, ती समारंभाची आहेत."

"राहू दे मग. बातमी परत नेते."

न ऐकलेली चांगली बातमी दारातून परत जाणं फार वाईट. एका कारकुनाने घाबरून खिडकी लावून घेतली.

"थांबा, थांबा. न्या पोती. बातमी काय आहे?"

"तुमची योजना यशस्वी झाली, बाइके. आमच्या गावात शेतीचा खर्च शून्यावर आला."

"शून्यावर?"

"खर्च करायला कोणाकडे काही उरलंच नाही."

साहेबांनी शून्यापर्यंतचं तेवढं ऐकलं आणि वर कळवलं. पोती त्याच दिवशी गावात आली. राजमा राखेसकट तरारला, पानं हिरवीगार झाली, शेंगा लोंबायला लागल्या. राजधानीत शून्याचं फार कौतुक झालं. एवढं यश पाहून स्थगितीला आणखी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली आणि ओमुरझाकला घोड्यावर बसवण्यात आलं.

करडा घोडा वळणावर दिसताच सगळं गाव राजम्यात शिरून उकिडवं बसलं. सायराकानने गाईलाही आत ओढलं. दोरोनचं तोंड मात्र तिला हाताने दाबून धरावं लागलं, कारण तो सवयीने कबूल करायला निघाला होता. ओमुरझाक दारोदार ओरडून दमला आणि बातमी तशीच घेऊन परत गेला.

म्हणजे मुदतवाढीची ही चांगली बातमी आजवर एकाही माणसाने ऐकलेली नव्हती. पहिले ऐकणारे तुम्हीच. कबुली खरं तर आधी घ्यायला हवी होती, पण तुम्ही इथवर वाचत आलात तेव्हाच ती मिळाली असं धरलं आहे. लपायला राजमाही नाही तुमच्याजवळ. तेव्हा बोला, काय देताय?