फियाटचा धूर, शुक्रवारची मुदत

चौतीस वर्षं मी साताऱ्यात मुलींना गणित शिकवलं. किती जणींना नापास केलं ते आठवत नाही, पण मला कुणी नापास केलेलं मात्र आठवत नाही! त्यामुळे आमचा अनीश पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, बाबांची गाडी पीयूसीत पास होणं शक्यच नाही," तेव्हा मी हसलेच.

"दहा मिनिटांचं काम आहे रे! जाते, धूर दाखवते, कागद घेऊन येते!"

"आणि नाही झाली तर?"

"नाही झाली तर ने तू भंगारात! शब्द दिला!"

हा शब्द द्यायला नको होता. पण फळ्यापुढे इतकी वर्षं काढलेल्या बाईला माघार घेता येत नाही.

गाडी म्हणजे आमच्या ह्यांची फियाट. नव्वद सालची, दुधाच्या सायीच्या रंगाची. हे पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. हरी हे त्यांचं नाव, पण खात्यात सगळे साहेब म्हणायचे, आणि साहेब गाडीला 'सरकार' म्हणायचे. गेल्या मार्गशीर्षात हे गेले. तेव्हापासून गाडी पोर्चमध्ये आणि मी घरात, दोघीही ताडपत्री पांघरल्यासारख्या बसून होतो. तिची नोंदणी शुक्रवारी संपत होती. पुढच्या पाच वर्षांची करायची तर आधी पीयूसीचा कागद हवा. कागद नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर गाडी म्हणजे चार चाकांवरचा पत्रा.

पितृपंधरवडा चालू होता. आठ दिवस आभाळ उघडलं नव्हतं. सोमवारी सकाळी मी ताडपत्री काढली, देवाचं नाव घेतलं आणि निघाले. हो, मला गाडी येते! ह्यांनीच शिकवली होती. फक्त ते शेजारी नसताना मी आयुष्यात पहिल्यांदाच चालवत होते, आणि हे गिअरला सोडून सगळ्या रस्त्याला कळत होतं.

पीयूसीची व्हॅन पेट्रोल पंपाजवळ उभी असते. आत संगणकापुढे एक मुलगी. मला बघून ताडकन उठली.

"बाई, तुम्ही! मी स्वप्नाली! दोन हजार बारा, नववी ब!"

मला चेहरा आठवला, आणि मार्कही. या मुलीला मी नववीत गणितात दोन मार्कांनी नापास केलं होतं.

"बसून राहा बाई, इंजिन चालू ठेवा, रेस करू नका," म्हणत तिने सायलेन्सरमध्ये नळी घातली. मी शहाण्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसले. स्क्रीनवर आकडे नाचले आणि थांबले.

"बाई, कार्बन मोनॉक्साइड सात पॉइंट आठ आलाय. तीनच्या आत पाहिजे."

"अगं, थोडं पुढेमागे होतंच की!"

"दोन मार्कांनीसुद्धा पुढेमागे होत नाही बाई," ती फार नम्रपणे म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

मी पहिला गिअर टाकला.

मंगळवारी कोरेगाव गाठलं. लालासाहेब मिस्त्रींचं तिथे पत्र्याचं गॅरेज आहे. पस्तीस वर्षं सरकारला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. गाडी वळताना दिसली तसे ते हातातला पाना टाकून धावत आले आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी थबकले. तिथे मी होते.

"साहेब न्हाईत, ही सवयच हुईना झालीया बाई," म्हणाले आणि तोंड फिरवून बॉनेट उघडलं.

मी खाली उतरून चहा घेतला. तेवढ्यात त्यांनी प्लग काढले, कार्बुरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवला, गाडी चालू केली आणि सायलेन्सरपाशी उकिडवे बसून चक्क वास घेतला!

"अगरबत्ती हाय अगरबत्ती! खुशाल जावा. पास न्हाई झाली तर मिशी काढतो!"

मी तडक पंपावर. स्वप्नालीने नळी घातली.

"आठ पॉइंट एक."

"वाढला?"

"वाढला."

बुधवारी पुन्हा कोरेगाव. मिस्त्रींनी मिशीवर हात ठेवूनच स्वागत केलं. या वेळी त्यांनी कार्बुरेटर सगळा सुटा केला, जेट धुतले, फुंकले, डोळ्याला लावून आभाळाकडे बघितलं, एअर फिल्टर नवा घातला. वास घेतला. "बाई, आता तर ही गाडी न्हाईच, तुळस हाय!"

मी पंपावर. आठ पॉइंट तीन!

मागे रिक्षावाल्यांची रांग लागली होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारीचं काय खरं न्हाई." तो गाडीला म्हणाला असं मी समजून घेतलं.

संध्याकाळी व्हरांड्यात बसून अनीशला फोन लावला. बोलताना माझा आवाज वर्गात असल्यासारखा लागतो, त्याला आता इलाज नाही.

"हो रे, बाहेरून धडधाकट दिसते, पण आत सगळं बिघडलंय. श्वास सोडते तो निव्वळ विष! लालासाहेबांनी सगळं उघडून बघितलं, धुतलं, पुन्हा बसवलं. गुण नाही. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. मग ने बाबा तू. वय झालं, कधीतरी जायचंच. फक्त गाजावाजा नको, गुपचूप न्या."

कंपाउंडच्या पलीकडे सुलाबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. दुर्दैवाने माझ्याकडे त्यांचा दुसरा कान होता.

गुरुवारी सकाळी दारात पाच बायका! मऊ भाताचा डबा, सफरचंदं आणि असे चेहरे की मला वाटलं गावात कुणी गेलं. सुलाबाईंनी माझा हात हातात घेतला.

"कधी कळलं शकुंतलाबाई?"

मला भरून आलं. एका गाडीसाठी माणसं इतकी हळहळतात!

"सोमवारी. नळी घातली तेव्हा."

"अगं आई! कुठून घातली?"

"मागून. मागूनच घालतात."

एकीने डोळ्याला पदर लावला. दुसरीने विचारलं, "फार त्रास होतोय का हो?"

"त्रास तर होणारच. पस्तीस वर्षांची सोबत आहे. ह्यांच्यामागे तेवढंच होतं."

"आणि डॉक्टर... म्हणजे ते लालासाहेब काय म्हणतात?"

"ते वास घेतात आणि म्हणतात, तुळस आहे."

यावर सगळ्यांनीच हात जोडले. तुळस हा शब्द त्यांनी कुठल्या अर्थाने घेतला हे मला नंतर कळलं. जाताना सुलाबाई माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "साहेबांकडेच चाललात, समाधान माना." मी मनात म्हटलं, बिचारीचं डोकंही चालेनासं झालं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी पोहे खात होते. फाटक धाडकन उघडलं आणि अनीश आत आला. शर्टाची बटणं वरखाली, डोळे सुजलेले. मला बघून उंबऱ्यातच मटकन बसला.

"आई, तू पोहे खातेयस?"

"मग काय खाऊ? आणि तू इतक्या सकाळी कसा?"

"सुलाकाकूंनी फोन केला! म्हणाल्या, आईचे दिवस शुक्रवारपर्यंतच! मी म्हटलं काल तर बोलली, तर म्हणाल्या, तुला कळू देत नाहीये ती!"

मग तो रडला, मग हसला आणि मग भयंकर चिडला. बाप गेल्यापासून हा मुलगा माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. मी त्याच्या बशीत पोहे वाढले. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

"चल," तो तोंड पुसून म्हणाला. "मी येतो बरोबर. आज नापास झाली की तिथूनच उचलायला सांगतो. हे एकदाचं संपू दे."

त्याने भंगारवाल्याला फोन केला आणि क्रेनवाली गाडी पंपावर बोलावली. मी किल्ली उचलली. शब्द माझाच होता.

पंपावर पोचलो तर लालासाहेब मिस्त्री आधीच एसटीने येऊन उभे! हातात झेंडूचा हार. "सरकारला निरोप द्यायला आलोय," म्हणाले आणि हार बॉनेटवर ठेवला. मिशी शाबूत होती, पण उतरलेली होती. मागोमाग ती क्रेनही आली आणि साखळी खुळखुळवत बाजूला थांबली. प्रेतयात्रेत कमी होता तो फक्त पाऊस. तोही भुरभुरायला लागला.

अनीश शेजारच्या सीटवर बसला होता. सहा फूट उंची, गुडघे थेट डॅशबोर्डला. नेहमीच्या जागी लटकलेली माझी पर्स त्याच्या गुडघ्याला लागत होती, ती त्याने वैतागून काढून मांडीवर घेतली. "काय विटा भरतेस का गं यात?"

स्वप्नालीने नळी घातली. मी डोळे मिटले.

"बाई."

"सांग गं. आठ पॉइंट किती?"

"दोन पॉइंट एक. पास!"

मी डोळे उघडले. स्वप्नालीचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. तिने नळी काढली, झटकली, पुन्हा घातली. दोन पॉइंट एक! मिस्त्री दोन्ही हात वर करून ओरडले, "म्हटलं व्हतं का न्हाई! तुळस!"

आनंदाच्या भरात अनीशने पर्स परत जागेवर अडकवली. गाडी भक् भक् भक् करायला लागली. आत स्वप्नाली किंचाळली, "बाई, सातवर गेला!"

स्वप्नाली व्हॅनमधून हळूहळू खाली उतरली, खिडकीशी आली आणि पर्सकडे बघत राहिली.

"दादा, पर्स काढा."

काढली. इंजिन शांत.

"लावा."

भक् भक् भक्!

डॅशबोर्डखाली एक काळी बोंडी आहे. पर्स अडकवायला इतकी सोयीची की ती त्यासाठीच केलीय असं मी पस्तीस वर्षं समजत होते. बसले की पहिला हात तिथे. ती चोकची बोंडी होती! चोक ओढला की इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते. गार गाडी चालू करताना मिनिटभर ओढायचा आणि सोडून द्यायचा. सोडला की आपोआप आत जातो. माझ्या पर्सखाली तो कधी आत गेलाच नव्हता! कोरेगावला मी पर्स घेऊन उतरायचे, गाडी तुळस. पंपावर मी आत बसून राहायचे, गाडी विष.

मग मला दुसरंच काही आठवलं. मी माहेरी पलूसला बरोबर निघाले की हे दरवेळी म्हणायचे, "तू बसलीस की सरकारचं ॲव्हरेज लिटरला तीन किलोमीटरने पडतं. वजन बघ जरा!" या एका वाक्यापायी मी एकोणीस वर्षं रात्रीचा भात खाल्लेला नाही! गणिताची बाई मी, आणि एवढं साधं गणित मला सुटलं नाही.

"अहो, त्यांना तरी कुठे माहीत होतं," मी म्हटलं. "असतं तर सांगितलं नसतं का?"

मिस्त्री एकदम बुटाच्या टोकाने जमीन उकरायला लागले.

"लालासाहेब?"

"आवं बाई... साहेबांस्नी ठावं व्हतं."

"काय?"

"म्याच सांगितलं व्हतं. लय वरसं झाली. म्हटलं, बाईंची पर्स चोकला लटकतीया, सांगू का त्यास्नी? तर साहेबांनी हात धरला माजा. म्हणले, लालासाहेब, न्हाई सांगायचं. पर्स मांडीवर घेतली की ती वह्या काढून तपासाय बसती. लटकून असली की हात मोकळं ऱ्हात्यात, मग माज्याशी बोलती. जळू दे म्हणले पेट्रोल."

क्रेनवाल्याने साखळी खुळखुळवायची थांबवली. अनीश खिडकीबाहेर बघायला लागला. मला काही दिसेना. काचेवरचं पाणी असेल.

"आणि मग मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, आता तुमी ड्रायवर. बाजूची शीट मोकळीच की. पर्स तितं ठेवत असाल."

ती सीट माझी होती. मोकळी होती, हे खरं. पण माझा हात तिथे गेलाच नाही.

"बरं, पेट्रोल जळू दे म्हणाले, ठीक," मी नाक पुसून म्हटलं. "पण मला जाड का म्हणायचे?"

मिस्त्रींनी बराच विचार केला.

"ॲव्हरेज पडल्यालं तर दिसतंय. कायतरी कारण सांगाय पायजे का न्हाई बाई?"

त्या क्षणी हे समोर असते तर मी त्यांना असं काही सुनावलं असतं! ते नव्हते. म्हणून लालासाहेबांना सुनावलं.

कागद मिळाला, दुपारी नोंदणीही झाली. क्रेन रिकामी गेली. अनीश दोन दिवस राहिला आणि रात्री आम्ही दोघांनी पातेलंभर भात संपवला. सुलाबाई मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. आपण फसवले गेलो असं त्यांचं मत आहे.

गाडी आता लिटरला चौदा देते. पर्स मी मागच्या सीटवर ठेवते. सगळं शास्त्राप्रमाणे.

फक्त परवाची गोष्ट सांगते. औंधला यमाईच्या दर्शनाला निघाले होते. एकटीच. रस्ता सुनसान, गाडी कशी शहाण्यासारखी चाललेली, आवाज म्हणून नाही. मला ते सहन होईना. मी गाडी कडेला घेतली, मागची पर्स उचलली आणि बोंडीला अडकवली. भक् भक् भक्! पेट्रोलचा तो वास सुटला आणि मी थेट औंधपर्यंत बोलत गेले. भाताबद्दलच बोलले बहुतेक. आरशात मागे काळा लोट दिसत होता. दोन सायकलवाले रस्ता सोडून शेतात उतरले.

पीयूसी सहा महिने चालतं. पण कृपा करून हे स्वप्नालीला सांगू नका!