लाटेची ओळखपरेड

जबाबदारी वायूसारखी असते. जितकी पसरेल तितकी विरळ होते. आंतरराष्ट्रीय कायद्याने हे विज्ञानाच्या बरेच आधी ओळखले होते.

समुद्रकाठी जाळी विणणाऱ्या एका विधवेने बलाढ्य ऊर्जा कंपनीवर दावा लावला. कंपनीच्या धुराने हवा तापली, समुद्र फुगला आणि तो तिच्या स्वयंपाकघरात येऊ लागला. घर वाचेल एवढी दगडी भिंत बांधून द्यावी, इतकीच मागणी होती. (ती इतकी लहान होती की न्यायाधिकरणाला आधी टंकलेखनातील चूक वाटली.)

कंपनी बेजबाबदार होती, असे कोणी म्हणू नये. तिचा स्वतंत्र जबाबदारी विभाग होता; त्याच्या कुंड्यांतली झाडेसुद्धा खरी होती. तिच्या वकिलांनी धूर नाकारला नाही. धूर आमचा, पण समुद्र सर्वांचा, तेव्हा आमच्याच धुराने उठलेली नेमकी लाट वादीने ओळखून दाखवावी, एवढेच त्यांचे म्हणणे. न्यायाधिकरणाला ते रास्त वाटले. काही वर्षांनी ओळखपरेड ठरली. भरतीची वेळ निवडली, म्हणजे संशयितांची उपस्थिती चांगली राहील.

न्यायाधिकरणाने नेमलेले आयुक्त आणि कंपनीचे वकील बाईच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"हीच का ती?"

"ही नव्हे हो. हिची थोरली बहीण होती."

"नात्याचा पुरावा?"

"थांबा की साहेब. येईलच. चहाची वेळ ती चुकवत नाही."

ती आली. जाताना चूल, मागची भिंत आणि आयुक्तांचा एक बूट घेऊन गेली. वाहून निघालेल्या वकिलांना बाईने दंडाला धरून खाटेवर ओढले. "नीट धरा! दावा लावलाय तुमच्यावर, जीव नाही मागितला."

निकाल समतोल होता. ओळख पटण्यापूर्वीच लाट फरार झाली. निकालापर्यंत घरही उरले नाही, सबब भिंतीची गरजही उरली नाही. कंपनीने मनःपूर्वक खेद व्यक्त केला. (खेदाला दायित्व चिकटत नाही.)

तरीही न्याय कोणालाच मोकळे सोडत नाही. कंपनीची वीज वापरणारे 'इतर सर्व' दोषी ठरले आणि त्यांच्या नावे समन्स निघाले. बेलिफ दारोदार फिरला. 'इतर' म्हणजे शेजारचे, असे प्रत्येक घरातून नम्रपणे सांगण्यात आले. समन्स घेतले फक्त त्या बाईने. तिला लावून घ्यायला दारच नव्हते.

तुमचे-आमचे दार मात्र भक्कम आहे, असा शेरा बेलिफाने मारला आहे.